बगिच्याच्या पडद्यातली बाई

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, देवावर विश्वास नाही हे एक वेळ ठीक. आम्ही बौद्ध, आमच्या घरात देव नाहीतच. पण ह्या बाईचा माणसांवरही विश्वास नाही, दुधावर नाही, गॅसच्या सिलिंडरवर नाही आणि टीव्हीवरच्या पावसाच्या अंदाजावर तर मुळीच नाही. दूधवाला माप घालायला लागला की ह्या दुधाकडं नाही, त्याच्या अंगठ्याकडं पाहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवायला लागल्या, तरी डॉक्टरनं आत भिंग खरंच टाकलं की नुसतीच पट्टी बांधून पाठवलं, हे विचारायला गल्लीतल्या प्रत्येक ऑपरेशनवाल्या म्हातारीकडं जाऊन आल्या. मी लग्न होऊन वडशाला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी बॅग उघडून पाहिली आणि वर मलाच विचारलं, "इतले साबन कायले आनले वो? माहेरी दुकान हाय का?" माझं माहेर बल्लारपूरचं, वडील कागद कारखान्यात होते, दुकानबिकान काही नाही. पण तेव्हाच मी मनाशी म्हटलं, रिना, इथं तुझं कठीण आहे.

त्यांचं नाव ठमाबाई. सत्तरी कधीच ओलांडली. अंगानं काडी, जीभ कोयता. मी बस स्टॅण्डजवळ ब्युटी पार्लर चालवते, दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून माझे गाल दुखतात. घरी आलं की ह्या दारातच उभ्या. "एवळा उशीर? कोनाचं लगन होतं?" मीही काही कमी नाही. मी म्हणते, "तुमचंच ठरवून राह्यली होती आत्याबाई, नवरदेव पयून गेला." मग आमचं दोघींचं चांगलं अर्धा तास चालतं. अश्विन, माझा नवरा, तेवढा वेळ अंगणात मोटारसायकल पुसत बसतो. ती गाडी वडशातली सगळ्यात स्वच्छ गाडी आहे.

तर ही बाई एका पडद्यासाठी दिल्लीला गेली, त्याची ही गोष्ट.

माझे सासरे वामनराव पेंटर होते. मी त्यांना मामाजी म्हणत असे. आमच्या वडशाला धान कापून झालं की नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि इथून नाटक कंपन्या ट्रकात सामान भरून निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडालाच परत येतात. त्या कंपन्यांचे पडदे मामाजी रंगवायचे. महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. राइस मिलच्या अंगणात, जिथं धान वाळवतात, तिथं मांजरपाट जोडून पसरायचे, सरस उकळून त्यात पावडरचे रंग कालवायचे आणि अनवाणी त्या कापडावर चालत चालत रंगवायचे. विहारातला बुद्ध आणि बाबासाहेब हेही त्यांच्याच हातचे. पण नाव झालं ते बगिच्याच्या पडद्यानं. मधोमध फवारा, दोन बाजूला मोर, वडशात कोणी जन्मात पाहिले नाहीत असे गुलाबाचे ताटवे, आणि दगडी बाकावर बसलेली पोपटी साडीतली एक बाई.

त्या बाईनं आमच्या घराचं वाटोळं केलं.

अश्विन तेव्हा प्राथमिक शाळेत होता. कुरूडच्या मंडईला नाटक होतं, आत्याबाई बायकांच्या बाजूला मागं तणशीवर, धानाच्या पेंढ्यावर, बसल्या होत्या. बगिच्याचा पडदा सुटला आणि पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "अवो माय, हे त सुगंधाबाई होय!" सुगंधाबाई म्हणजे कंपनीची हिरॉइन. नाव नुसतं पोस्टरवर लागलं तरी तिकिटं खपायची. आणि दैव तरी कसं पाहा, त्याच वेळी सुगंधाबाई स्टेजवर आल्या, त्याही पोपटी साडी नेसून! मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. आत्याबाईंनी एकदा स्टेजवरचीकडं पाहिलं, एकदा पडद्यातलीकडं पाहिलं, आणि उठून घरी आल्या.

त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी सरळ बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं होतं. भांडणात माणूस समोरच्याकडं पाहतो तरी. ह्या म्हणायच्या, "अश्विन, तुया बापाले सांग, पानी तापलं." आणि बाप तिथंच, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर बसलेला. मामाजींनी सुरुवातीला सांगून पाहिलं, "अवो, पडदा हाय तो, फोटो नाई." त्यावर ह्यांचं उत्तर तयार. "फोटो असता त मी बोललीच नसती! म्हनली असती, कॅमेऱ्यानं काढला. हे त हातानं काढलं ना!" मामाजी हसले. आणि हसले तिथंच फसले, कारण आत्याबाईंच्या कायद्यात हसणारा माणूस गुन्हेगार असतो.

बरं, पडदा कंपनीचा. हंगाम संपला की गुंडाळून मालकाच्या गोदामात. पाहायचा तर नाटकातच. मग ह्या काय करत? शेजारच्या गावी नाटक लागलं की कोणाच्या तरी बैलबंडीत बसून जात, पदर तोंडावर ओढून अगदी शेवटी बसत, पेंटरची बायको आली हे कोणाला कळू नये म्हणून. बगिच्याचा पडदा सुटला की डोळे ताणून पाहत. आणि दर वेळी जास्त खात्री करून परत येत. "गालावरची खयीबी काढली मेल्यानं," असं एकदा मलाच म्हणाल्या होत्या.

कोरोनाच्या आदल्या वर्षी मामाजी गेले. छातीत पाणी झालं होतं. आत्याबाईंनी दवाखान्यात सगळं केलं, पथ्यपाणी, कपडे, काही कमी पडू दिलं नाही. पण रडल्या म्हणून नाहीत. घरात भिंतीवर मामाजींचा फोटो आहे. दर वर्षी त्यांच्या पुण्यानुमोदनाला मेणबत्ती मी लावते, फूल मी वाहते. त्या समोरून जातात, फोटोकडं पाहतसुद्धा नाहीत. मला राग यायचा. खरं सांगते, फार राग यायचा, कारण तो माणूस मला मुलीसारखं वागवत होता. पण ह्या बाबतीत माझं तोंड बंद होतं, आणि त्याला कारण होतं. सुगंधाबाई म्हातारपणी वडशातच राहतात आणि केस काळे करायला माझ्याच पार्लरमध्ये येतात. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या आरशात पाहत म्हणाल्या, "तुया सासऱ्यानं माह्या रूपाचा पडदा काढला होता बाई. पब्लिक पडद्यालेच शिट्टी मारे." माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. ते मी घरी आजवर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पार्लर उभं राहिलं नसतं.

आणि अशात यंदा दिल्लीहून फोन आला.

अश्विनच्या मोबाइलवर एक मुलगी बोलली, चांगली मराठी. म्हणे मी दिव्यानी, दिल्लीच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातून बोलते. कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं जुने पडदे आमच्याकडं दिले होते, त्यातला बगिच्याचा आम्ही दुरुस्त केलाय, आता नव्या दालनात लावतोय, वामनरावांच्या घरच्यांनी यावं, भाडं आमचं. अश्विनचे डोळे भरून आले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओटीपी मांगतला का?"

"नाई ना बाई," अश्विन आईला म्हणाला.

"मंग मांगन."

दुसऱ्या दिवशी तिकिटासाठी आधार कार्डाचा फोटो मागितला, तर ह्यांनी सूपच खाली ठेवलं. "पाह्य! म्हनलं नवतं? फुकटात कोनी सुनेले माहेरी नेत नाई, अन् हे दिल्लीले नेऊन राह्यले!"

अश्विननं समजावलं, मी समजावलं, विहारातल्या गुणवंतरावांनी येऊन समजावलं. गुणवंतरावांना त्यांनी उलट विचारलं की ह्यात तुमचं किती. ते चहा न घेताच गेले. आम्ही नाद सोडला. आणि दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरात माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"रिना, दिल्लीले किती पोळ्या लागतीन?"

मी वळून पाहिलं. "काऊन? आता ओटीपी नाई आठवत का?"

"मले तिचं तोंड पाहाचं हाय," त्या म्हणाल्या. "जवळून. दिवसाच्या उजेडात. डोयेबी आता साजरे झाले. ती सुगंधा असन, त घरी येऊन ह्या मानसाचा फोटो मी आपल्या हातानं उतरवीन. तू मधात बोलाचं नाई."

"अन् नसन त?"

त्या पीठ चाळायला लागल्या.

मी अश्विनला बाहेर गाठून म्हटलं, नको नेऊ यांना, मला माहीत आहे ती कोण आहे ते. पार्लरमधलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे रिना. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." तो राइस मिलमध्ये कामाला, त्याला सुट्टी मिळेना, धान खरेदीचे दिवस. म्हणजे ही धोंड माझ्याच गळ्यात.

बल्लारशाहून दिल्लीची गाडी. त्या प्रवासाचं काय सांगू? टीसी आला तर त्याला म्हणे, "तू खराच टीसी कायवरून?" बिचाऱ्यानं बिल्ला दाखवला, ह्यांनी तो बोटानं खरवडून पाहिला. समोरच्या बाईनं प्रेमानं पेढा दिला, तो ह्यांनी पदरात बांधला आणि ती झोपल्यावर खिडकीतून फेकला. "गुंगीचा असन." मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले गुंगी देऊन कोनाचं भलं होनार हाय? तुमी जाग्या असल्यावरच लोकं पयून जाते." त्या हसल्या. थोडंसंच. पण त्यांची बोटं पिशवीच्या बंदाला सारखी पीळ घालत होती आणि वर्ध्याच्या पुढं त्यांनी जेवणाला हात लावला नाही.

संग्रहालय म्हणजे मोठी पांढरी कोठी, पुढं हिरवळ, कारंजं. दारात पिशवी मशीनमधून घालायला सांगितली, तर ह्या धावत पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभ्या, पिशवी तीच निघते की बदलते ते पाहायला. मग पिशवी जमा करा म्हटलं, तर आतला जवसाच्या चटणीचा डबा तेवढा काढून घेतला. पहारेकऱ्यानं तसंच आत सोडलं. त्याच्याही घरी कोणी असावी अशी.

दिव्यानी बाहेर घ्यायला आली. नागपूरची, साडीवर बूट घातलेली, केस मोकळे. वाकून म्हणाली, "जय भीम, आई." मला बरं वाटलं. आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या, "हिले कसं मालूम आपन कोन?"

"वामनराव पेंटरच्या घरचे म्हनूनच बलावलं ना!"

"तरीबी," त्या म्हणाल्या.

पडद्याचं दालन शेवटी होतं. दिव्यानीला वाटलं, आईंना सगळं नीट दाखवावं, म्हणून ती पहिल्यापासून सांगायला लागली. ही कोठी एका संस्थानिकाची, ते वर्षातून थोडे दिवसच दिल्लीत यायचे. स्वातंत्र्य मिळालं, संस्थानं गेली, मग सरकारनं इथं संग्रहालय केलं.

"राजानं देल्ली का सरकारनं हिसकली?"

दिव्यानी म्हणाली, "कागदावर तर दिली असंच आहे, आई."

"कागदावर सगयेच देते," आत्याबाई म्हणाल्या.

पहिल्या दालनात तैलचित्रं. राजे, त्यांचे घोडे, आणि मग बायका. दिवा धरलेली बाई, पाण्यातून येणारी बाई, नुसतीच टेकून बसलेली बाई. आत्याबाई राजांपुढून भराभर गेल्या आणि बायकांपुढं थांबायला लागल्या. प्रत्येकीचं तोंड निरखून पाहायच्या आणि दिव्यानीला विचारायच्या, "हे कोन?" दिव्यानी सांगायची, नाव माहीत नाही. पुढची कोण? तिचंही माहीत नाही.

"राजायचे नावं हायेत, घोड्यायचे हायेत, अन् बायायचे काऊन नाई?"

"त्या काळी नोंद ठेवत नसत."

"नोंद नाई, लपोलं!" आत्याबाई म्हणाल्या. "चितारायच्या घरी बायका नवत्या का?"

एका खोलीत एकाच चित्रकाराची चित्रं होती. दिव्यानी म्हणाली, हे संग्रहालयाचं पहिलं मोठं घबाड. चित्रकार गेल्यावर त्यांच्या पत्नीनं सगळी चित्रं सरकारला विकली, त्यातूनच हे उभं राहिलं.

"बायकोनं इकले?"

"हो."

"चित्रं बायकोचे होते का दुसरीचे?"

दिव्यानीनं भिंतीकडं पाहिलं. तिथं एकच लांब मानेची बाई वेगवेगळ्या साड्यांत बसली होती. "दुसरीची," ती म्हणाली.

"म्हून इकले," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढं चालायला लागल्या. दिव्यानीला हसू आवरेना. मला मात्र हसू येईना, कारण दालनं संपत आली होती. दिव्यानी सांगत होती की इथं बरीच वर्षं तैलरंगालाच कला म्हणायचे, नाटकाचे पडदे, दुकानांच्या पाट्या असलं काही आलं तर गोदामात पडून राहायचं, उंदीर खायचे. आता कुठं लोकांना त्याचं मोल कळलं.

"इतले दिवस नाई कयलं, अन् आताच काऊन कयलं?" आत्याबाईंनी विचारलं. "ह्याच्यात कोनाचा फायदा?"

"ते मलाही अजून समजलं नाही आई," दिव्यानी म्हणाली, आणि तिनं शेवटचं दार ढकललं.

केवढं तरी उंच दालन. समोरची पूर्ण भिंत व्यापून मामाजींचा बगिचा. मी तो प्रत्यक्ष कधीच पाहिला नव्हता. मी लग्न होऊन आले तोवर कंपनीनं छापील फ्लेक्सचे पडदे आणले होते. फवारा उडत होता हो, खरंच उडत होता! मोर, गुलाब, आणि मधोमध ती. पोपटी साडी, मान जरा कललेली, ओठावर हसू येतंय की नाही अशी. आणि मी ओळखलं. तीच. आठवड्यापूर्वी माझ्या खुर्चीत बसलेली, सुरकुत्या काढल्या तर हीच सुगंधाबाई.

आत्याबाई दारातच थबकल्या होत्या. "तीच," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारात भाव सांगावा तसा. "पाह्यलं ना आता तुवाबी?"

मी कसं नाही म्हणू? मला रडू यायला लागलं, मामाजींचा रागही आला. माणसानं बायकोला इतकं फसवावं, आणि वर भिंतीएवढं करून फसवावं!

तिथं स्टुलावर एक पहारेकरीण बसली होती, हरियाणाकडची, धिप्पाड. आम्हाला पाहून उठली आणि कौतुकानं म्हणाली, "सुंदर है ना? मुझे तो हूबहू मेरी मौसी लगती है जी."

आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हिची मावशी वडशाले कायले आली?"

"मले काय मालूम!"

"इचारून पाह्य, नाटकात होती का."

मी कपाळाला हात लावला. पण आत्याबाईंच्या डोक्यात काहीतरी वळवळलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि त्या सरळ पडद्याकडं चालायला लागल्या. पुढं दोरी लावलेली होती, तिला पोट टेकेपर्यंत गेल्या. मान वर करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग ओरडल्या, "रिना! इकडं ये!"

मी धावले. "पाह्य," त्या म्हणाल्या. "तिचं तोंड कुठी हाय?"

मी पाहिलं. माझा धंदाच तोंडांचा. रोज बोटांखालून नाकं, भुवया, हनुवट्या जातात. पण तिथं तोंड नव्हतं. तांबूस रंगाचा एक फराटा होता, माझ्या हातापेक्षा रुंद. त्यावर दोन काळे फटकारे, एक खाली उतरलेला पांढरा ओघळ, आणि एक लाल डाग, तोही वाकडा. बस. नाक नाही, डोळे नाहीत, गालावरची खळी तर दूरच.

"धुतलं!" आत्याबाई दिव्यानीवर कडाडल्या. "ह्यायनं तोंड धुऊन टाकलं! दुरुस्ती केली म्हने! नाक होतं इथी, म्या सतरांदा पाह्यलं!"

"आई, आम्ही रंगाला हात नाही लावला, फक्त फाटलेलं शिवलंय."

"खोटं नोको बोलू पोरी!"

दिव्यानी चिडली नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि दारापर्यंत मागं नेलं. "आता पाहा." आत्याबाईंनी पाहिलं. नाक होतं. डोळे होते. सुगंधाबाई बसली होती. त्या पुन्हा तरातरा दोरीपर्यंत गेल्या. नुसते फराटे. पुन्हा मागं. पुन्हा पुढं. दालनातले लोक चित्रं सोडून आमच्याकडं पाहायला लागले. मधेच एका जागी त्या थांबल्या, एक पाऊल पुढं, एक मागं, एक पुढं, एक मागं, असं करत राहिल्या. तिथंच कुठंतरी ती बाई मोडत होती आणि जुळत होती.

"मोरालेबी डोया नाई," शेवटी त्या हळूच म्हणाल्या.

"नाहीच," दिव्यानी म्हणाली. "नाटकाचा पडदा सगळ्यात मागं बसलेल्यासाठी रंगवतात आई. जवळून नीट चेहरा काढला तर मागून तो सपाट दिसतो, भाकरीसारखा. म्हणून पेंटर चार फटकारे मारून सोडून देतात. बाकीचं पाहणारा आपल्या मनानं लावतो. ह्या ताईंना मावशी दिसते. मला माझी शाळेतली मॅडम दिसते. इथं प्रत्येकाला कोणी ना कोणी दिसतं."

"म्हंजे हे सुगंधा..." आत्याबाईंनी विचारलं.

"ही कोणीच नाही आई."

मी सुगंधाबाईंचा विचार करत होते. ती बाईसुद्धा जन्मभर ह्याच फराट्यावर फुलून बसली होती. आणि त्या पहिल्या दिवशी तणशीवर बसून "सुगंधाबाई होय" म्हणणारी ती कोण होती कुणास ठाऊक. ती तेवढं बोलली आणि शेंगा खात नाटक पाहत बसली असेल.

मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंना मिठीच मारली. "सुटलो ना आत्याबाई! मामाजी सुटले! त्यायनं काईच केलं नवतं!" आणि डोळे पुसत हसायला लागले. माझ्या मिठीत त्या लाकडासारख्या उभ्या होत्या. मी त्यांना सोडलं तर त्या खाली बसल्या. बाक बाजूलाच होतं, पण त्या फरशीवर बसल्या, पाय पसरून, चटणीचा डबा मांडीवर.

दिव्यानीला वाटलं, त्यांना भरून आलंय. तिनं कोणाला तरी खूण करून कॅमेरा आणवला. वाकून म्हणाली, "आई, वामनरावांबद्दल दोन शब्द सांगाल? लोकांना ऐकायला आवडेल. माणूस कसे होते?"

आत्याबाईंनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. हा कायचा, कोणाला दाखवणार, माझा फोटो कुठं लावणार, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या.

"रिना, दवाखान्यात तू औषिध आनाले गेली होती. शेवटच्या दिवशी."

"हौ."

"तवा त्यानं मले हात केला. जवळ ये म्हने. म्या नाई गेली. दाराशीच उभी रायली." असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्याचे ओठ हालून राह्यले होते. आवाज नाई निंगे. म्या दारातून पाह्यलं, अन् मले वाटलं, तिचंच नाव घेऊन राह्यला. तिचंच घेते मेला, म्हून म्या भाईर जाऊन बसली. तू आली तवा तो संपला होता."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. दिव्यानीनं कॅमेरावाल्याला हातानं थांबवलं. आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, इतकं की बांगडी रुतली.

"काय म्हनत होता वो तो?" त्यांनी मला विचारलं. "सांग ना रिना. काय म्हनत होता तो?"